सांडवा नसलेले सरोवर

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला पाणी वाढल्याची बातमी कधी वाईट वाटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धरणाची पातळी चढू लागली की आमच्या कार्यालयात चहाबरोबर भजी मागवली जात, आणि सांडव्यावरून पाणी पडू लागले की साहेबांपासून चौकीदारापर्यंत सगळे ते पाहायला जात. त्यामुळे 2025 च्या फेब्रुवारीत, केनियातील नाकुरू सरोवर राष्ट्रीय उद्यानात, पाण्यात निम्म्या बुडालेल्या वाळक्या झाडांच्या रांगेसमोर आमची गाडी थांबली आणि चालक म्हणाला, "पाणी फार वाढले, म्हणून पक्षी गेले," तेव्हा ते वाक्य पचायला मला बराच वेळ लागला. हे लेखन मुख्यतः त्या वाक्याविषयी आहे. तिथपर्यंत कसे पोचलो तेही सांगतो, कारण ज्यांना जायचे आहे त्यांचे एकदोन हेलपाटे त्यामुळे वाचतील.

मूळ हौस माझ्या पत्नीची. गेली बारा-तेरा वर्षे ती दर हिवाळ्यात भिगवणला जाते, उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यात पहाटे होडीतून रोहित पक्षी पाहते, आणि तारीख, ठिकाण व मोजलेली संख्या एका वहीत लिहून ठेवते. अग्निपंख, फ्लेमिंगो ही त्याच पक्ष्याची नावे, पण तिच्या वहीत 'रोहित' असते. नाकुरूच्या काठाला गुलाबी गोट लावल्यासारखे बसलेले लाखो लहान रोहित तिने कुठल्याशा जुन्या छायाचित्रात पाहिले होते आणि ते तिच्या मनातून जात नव्हते. माझे कारण वेगळे होते. माझे गाव मेहकर तालुक्यातले, म्हणजे लोणारच्या शेजारचे. लोणारच्या पाण्याचा तो बुळबुळीत स्पर्श आणि उग्र वास लहानपणापासून ओळखीचा. नाकुरूही तसेच खारे आणि सोड्याचे सरोवर, आणि दोन्हीही पाणथळ जागांच्या रामसर यादीतली, नाकुरू 1990 पासून आणि लोणार 2020 पासून. आपल्या गावच्या खाऱ्या तळ्याचा हा थोरला भाऊ एकदा पाहावा, एवढेच माझ्या मनात होते.

तयारीतील सर्वांत कटकटीचा भाग पिवळ्या तापाच्या लसीचा निघाला. ज्या गृहस्थांकडून आम्ही सहलीचे आरक्षण केले त्यांनी "ते कोणी विचारत नाही" असे सांगून विषय संपवला होता. मी सवयीप्रमाणे नियम शोधून वाचला, तेव्हा कळले की केनियातून भारतात परतणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते, आणि प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून. म्हणजे विमानाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच, ठरलेल्या वारी, आधी नाव नोंदवून ती घ्यावी लागते. एका कुपीत अनेकांच्या मात्रा असतात आणि फोडलेली कुपी फार वेळ टिकत नाही, म्हणून पुरेशी माणसे जमेपर्यंत आम्हाला बाकावर बसवून ठेवले. शिवाय साठीपुढच्यांना ही लस जरा जपून देतात. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी औषधांची यादी तपासली, अंड्याची ॲलर्जी आहे का ते विचारले आणि मग चिठ्ठी दिली. हातात आली ती पिवळी पुस्तिका आता जन्मभर चालते. 2016 पासून दर दहा वर्षांनी लस घेण्याची अट राहिलेली नाही. परतताना मुंबई विमानतळावर आरोग्य खात्याच्या मेजावर ती पुस्तिका खरोखरच मागितली गेली. आमच्या पुढच्या कुटुंबाकडे ती नव्हती आणि त्यांचे पुढे काय झाले ते आम्ही पाहायला थांबलो नाही.

त्या मानाने प्रवेशाची परवानगी सोपी. 2024 च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसा काढून टाकून इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना सुरू केला आहे. पारपत्र, छायाचित्र, विमानाची तिकिटे आणि मुक्कामाची आरक्षणे संगणकावर भरली की काम होते. आम्हाला तिसऱ्या दिवशी ई-मेल आला. सामान भरताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या देशात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकलाही बंदी आहे. तेव्हा आमच्याकडचे भडंग, चकल्या आणि शेंगदाण्याची चटणी हे सगळे पुड्यांतून निघून स्टीलच्या डब्यांत गेले. यातील एका डब्याची गोष्ट पुढे येईल.

नैरोबीहून नाकुरू सुमारे 160 किलोमीटर आहे. लिमुरूच्या बाजूला चढून गेले की अचानक जमीन संपते आणि खाली खचदरीचा, म्हणजे 'ग्रेट रिफ्ट व्हॅली'चा, तळ दिसतो. सह्याद्रीच्या कड्यावरून कोकण दिसते तसे ते काहीसे आहे, फक्त खाली हिरवळ कमी, धूळ जास्त आणि मधोमध लाँगोनोट हा ज्वालामुखीचा डोंगर. घाट उतरताना युगांडाकडे निघालेले मालट्रक आमच्या पुढे एकामागोमाग एक रांगत होते, अगदी खंबाटकीत रांगतात तसे. घाटाच्या पायथ्याशी रस्त्याला लागून खोलीएवढे एक प्रार्थनामंदिर आहे. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता करून घेतला, तेव्हा त्या कैद्यांनी 1942 मध्ये ते बांधले. नाकुरू शहराची वाढ मात्र रेल्वेमुळे झाली. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत 1896 ते 1901 या काळात जो लोहमार्ग टाकला गेला, त्यासाठी तीस हजारांहून अधिक मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, नेले होते आणि त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. त्यांच्या मागोमाग गेलेल्या दुकानदारांमुळे आपल्याला ओळखू येणारे कितीतरी शब्द स्वाहिलीत ऐकू येतात. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', पैशाला 'पेसा'. 'सफारी' हा शब्दही अरबीतून तिकडे गेला आणि तोच शब्द फारसीवाटे आपल्याकडे 'सफर' होऊन आला.

चालक पंचेचाळिशीचा, नाकुरूतच वाढलेला, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. मला तो 'म्झे' म्हणे, म्हणजे वडीलधारी व्यक्ती, आणि पत्नीला 'मामा'. तिकडे मामा म्हणजे आई. पहिल्या दिवशी पत्नी त्या हाकेला ओ देईना; दुसऱ्या दिवशीपासून तीच मला म्हणू लागली, "अहो म्झे, मामाला दुर्बीण द्या."

उद्यानाच्या दारात रोख पैसे चालत नाहीत. प्रवेशशुल्क सरकारी संकेतस्थळावरून भरावे लागते आणि आमचे कार्ड तिथे तीनदा नाकारले गेले. मागे गाड्यांची रांग वाढू लागली. शेवटी चालकाने स्वतःच्या मोबाइलवरून एम-पेसा या तिकडच्या मोबाइल-पैशाच्या सेवेने आमचे पैसे भरले आणि आम्ही त्याला तिथल्या तिथे शिलिंग मोजून दिले. निघण्याआधी बँकेत सांगून कार्डावर परदेशातील ऑनलाइन व्यवहार सुरू करून घ्यायला हवे होते. चूक माझी होती. रांगेत उभे असताना चालकाने सांगितले की हे दार नवे आहे, जुने मुख्य प्रवेशद्वार आणि त्यालगतच्या कचेऱ्या पाण्यात गेल्या. पुढे एका वळणावरून त्याने बोट दाखवले. पाण्याच्या वर पत्र्याचे एक छप्पर आणि एका पाटीचा वरचा काठ एवढेच दिसत होते, आणि छपरावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते.

बुडीत क्षेत्र मी आयुष्यभर पाहिले आहे. धरणाचे बुडीत क्षेत्र आधी आखलेले असते. तिथल्या झाडांची मोजणी होते, घरांचा मोबदला ठरतो, देव हलवले जातात आणि मग पाणी येते. इथे यातले काही झालेले नाही. बाभळीच्या जातीची, पिवळ्याधमक खोडाची उंच झाडे हे या काठाचे वैभव होते. त्यांना तिकडे 'तापाची झाडे' म्हणतात, कारण पूर्वी त्यांच्या सावलीत तळ ठोकणारे गोरे प्रवासी तापाने फणफणत आणि दोष झाडाला देत. ताप हिवतापाचा होता आणि तो दलदलीतल्या डासांमुळे येत असे. ही झाडे आता पाण्यात उभ्या उभ्या मेली आहेत, खोडांचा पिवळा रंग जाऊन ती हाडासारखी पांढरी पडली आहेत. त्यांच्या फांद्यांवर पाणकावळ्यांची घरटी आहेत, आणि सर्वांत उंच फांदीवर पांढऱ्या डोक्याचा मत्स्यगरुड बसून मान मागे टाकून ओरडतो. मी खोडांवरचे पाण्याचे डाग पाहिले. एकावर एक तीन-चार पट्टे होते, म्हणजे पाणी एकदम न येता टप्प्याटप्प्याने चढले, मधूनच थोडे उतरले आणि पुन्हा चढले. धरणाच्या भिंतीवरही असेच पट्टे उमटतात.

सरोवराचा हिशेब साधा आहे. तळ सुमारे 1,750 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर. न्जोरो, मकालिया, न्देरित अशा लहान नद्या, काठावरचे झरे आणि शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी हे सगळे आत येते. बाहेर जायला वाट एकही नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर या तळ्याला सांडवा नाही आणि विमोचक, म्हणजे पाणी सोडायची मोरी, तीही नाही. आलेले पाणी फक्त उन्हाने वर जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे असे चालले की पाणी सोड्याचे होते. लोणारचेही तेच झाले. अशा पाण्यात मासा सहसा तगत नाही, पण स्पिरुलिना नावाने ज्याच्या गोळ्या आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतात ते सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ मात्र उसळून वाढते. लहान रोहित त्यावरच जगतो. मान खाली घालून, चोच उलटी धरून, जिभेने पाणी आतबाहेर ढकलत तो ते गाळून घेतो, आणि त्यातल्याच रंगद्रव्याने त्याची पिसे गुलाबी होतात.

आता नाकुरूचा तळ परातीसारखा आहे. जुन्या काळी त्याची खोली कुठेही दोन-चार मीटरच्या फार पुढे नव्हती. परातीत पेलाभर पाणी जास्त ओतले की ते उंचीत थोडे आणि पसाऱ्यात पुष्कळ वाढते. साधारण 2010 नंतर पाऊस वाढला, वरच्या माऊ जंगलातील तोडीमुळे गाळ आणि पूर दोन्ही झपाट्याने खाली येऊ लागले, आणि जे सरोवर चाळीस चौरस किलोमीटरच्या आसपास होते ते साठाच्या पुढे गेले. क्षार तेवढेच राहिले, पाणी वाढले. सोडा पातळ झाला, शेवाळ मागे हटले, आणि कधीकाळी दहा लाखांच्या वर मोजले गेलेले पक्षी बोगोरिया, एलमेंटाइटा अशा दुसऱ्या सोड्याच्या तळ्यांकडे निघून गेले. चालकाला याच्या उलटही आठवत होते. 1990 च्या दशकात, तो शाळेत असताना, हेच सरोवर जवळजवळ कोरडे पडले होते आणि तळाचा पांढरा सोडा वाऱ्याने उडून गावात घराघरांत शिरे, डोळे चुरचुरत. "तेव्हाही पक्षी गेले होते," तो म्हणाला. पाणी आटले तरी जाणारे आणि भरले तरी जाणारे पाहुणे मी प्रथमच ऐकत होतो. आमच्या खात्यात पूर्ण संचय पातळी ही आनंदाची गोष्ट असते. इथे पूर्ण कशाला म्हणायचे, हे ठरवणारे कोणी नाही.

पहिल्या संध्याकाळी पत्नीला मोठे रोहित चौदा दिसले. हे थोरले भावंड खाण्यापिण्यात तेवढे सोवळे नसते, चिखलातले किडेही खाते, म्हणून ते टिकून राहिले असावे. लहान रोहित एकही नव्हता. पाणपक्षी तसे भरपूर होते, झोळीसारख्या चोचीचे पांढरे पेलिकन तर थव्यांनी. तिने वहीत लिहिले आणि वही मिटली. रात्री जेवताना ती फारशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला दार उघडताच आत शिरलो. उद्यान सुमारे 188 चौरस किलोमीटरचे आहे, भोवती सगळीकडून विजेचे कुंपण आहे, आणि हत्तींना पुरेल एवढी जागा नसल्याने इथे हत्ती नाहीत. कुंपणाचे मुख्य कारण गेंडा. 1970 च्या सुमारास केनियात काळे गेंडे वीस हजारांच्या घरात होते. शिंगांसाठी झालेल्या शिकारीत ते पंधरा-वीस वर्षांत चारशेच्याही खाली आले. तेव्हा उरलेल्यांना मोकळ्या रानातून उचलून पहारा ठेवता येईल अशा जागी आणायचे ठरले आणि 1980 च्या दशकात नाकुरू त्यांचा आसरा झाले. पुढे दक्षिण आफ्रिकेतून पांढरे गेंडेही आणले गेले. रंगाने दोघेही चिखलाच्याच रंगाचे. फरक ओठात आहे: काळ्याचा वरचा ओठ टोकदार, झुडपाची फांदी ओढून घ्यायला, आणि पांढऱ्याचा रुंद सपाट, गवत कापायला.

हा रुंद ओठ आम्ही अगदी जवळून पाहिला. काठाजवळच्या गवतात एक मादी आणि तिचे साधारण वर्षाचे पिल्लू चरत होते. चालकाने गाडी बंद केली, टप वर उचलला आणि बोलू नका अशी खूण केली. ती चरत चरत आमच्याकडेच आली, पंधरा-वीस पावलांवर, आणि तिथून तिचे चरणे ऐकू येऊ लागले. गोठ्यात रात्री बैल वैरण खातो तेव्हा जो सलग, निर्धास्त करकर आवाज येतो, नेमका तोच. मान वर न करता ती गवताचा पट्टा कापत पुढे सरकत होती आणि मागे आखूड कापलेली वाट राहत होती. कानांच्या कडेला नीट कातरलेले खाचे दिसले. वनरक्षकांना प्रत्येक गेंडा वेगळा ओळखता यावा म्हणून ते करतात, आमच्याकडे गुरांच्या कानात बिल्ला मारतात तसे. पाठीवर लाल चोचीचे दोन छोटे पक्षी कातडीच्या वळ्यांत गोचिड्या शोधत होते. एकाने तिच्या कानातच चोच घातली तेव्हा तिने कान फडकावला, एवढीच काय ती हालचाल. पिल्लू मात्र आमच्याकडे पाहून दोनदा फुरफुरले आणि आईच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. वीस-पंचवीस मिनिटे आम्ही तिथे होतो. इतका वेळ मी कोणत्याही प्राण्याकडे, घरच्या म्हशीकडे धरूनही, नुसता पाहत बसलेला नाही.

बाकीचे थोडक्यात. पश्चिम केनियातून 1970 च्या दशकात आणून सोडलेले, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे जिराफ; रानम्हशींचा कळप; झेब्रे, इंपाला, आणि पाण्यालगत वॉटरबक जागोजाग. काळा गेंडा दूरच्या झुडपात दोन मिनिटे दिसला. सिंहिणी झाडावर चढून बसतात असे ऐकले होते. आम्हाला झाडे दिसली.

डब्याची गोष्ट बबून कड्यावरची. तिथून सबंध सरोवर खाली दिसते आणि गाडीतून उतरण्याची मुभा असते. चालकाने काचा बंद करायला बजावले होते. मी माझ्या बाजूची चार बोटे उघडी ठेवली होती. एका थोराड बबूनने हात घालून काच दाबत खाली ओढली आणि भडंगाचा डबा घेऊन कठड्यावर जाऊन बसला. पण झाकण घट्ट. त्याने डबा हुंगला, उलटा केला, दगडावर दोनदा आपटला, दाताने धरून पाहिला, आणि मग अत्यंत तुच्छतेने खाली टाकून दिला. तो कड्यावरून खाली गडगडताना होणारा आवाज बराच वेळ येत होता. राष्ट्रीय उद्यानात कचरा टाकल्याबद्दल मला फार अपराधी वाटले. तिथल्या वनरक्षकाला मी तसे सांगितलेही. त्याने माझ्याकडे पाहिले, उघड्या काचेकडे पाहिले आणि फक्त मान हलवली.

परतताना चालकाने न विचारता गाडी महामार्गावर एलमेंटाइटाच्या काठावरच्या उंचवट्याजवळ थांबवली. हे सरोवर लहान, उथळ, आणि अजून बऱ्यापैकी खारे. काठाला सोड्याची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती, आणि वाऱ्याबरोबर आला तो वास मी डोळे मिटूनही ओळखला असता. पाण्याच्या पलीकडच्या कडेला एक फिकी गुलाबी पट्टी होती. पत्नीने दुर्बीण लावली आणि ती मोजू लागली, पण उन्हाच्या झळांनी पट्टी थरथरत होती आणि शंभराच्या पुढे तिचा आकडा पुन्हा पुन्हा चुकू लागला. भिगवणला ती फक्त मोजलेली संख्या लिहिते, 'अंदाजे' हा शब्द तिच्या वहीत नाही. मी तिला आमची रीत सांगितली: टोकापासून एक तुकडा धर, त्यातले नीट मोज, तसे किती तुकडे बसतात ते बघ आणि गुणाकार कर, दगडांच्या ढिगाचे माप आम्ही असेच घेत आलो. तिने बऱ्याच अविश्वासाने एक तुकडा मोजला, तो चाळीसचा भरला, आणि तसे सोळा तुकडे झाले. मग तिने वही उघडली, पेन्सिलीने 'लहान रोहित, 640' असे लिहिले आणि पुढे बारीक अक्षरात जोडले: 'ह्यांच्या हिशेबाने'.